चाकांवरच्या घराचा हिशेब



काल रात्री जेवताना निम्म्या जणांनी मला एकच विचारलं, "तुझं ते चाकांवरचं घर परवडतं का गं?" अमेरिकेत त्याला आरव्ही म्हणतात. आत पलंग, गॅस, फ्रीज, संडास. तर खर्चाचं एकदा सांगूनच टाकते.

सगळे आधी पेट्रोलचं विचारतात. आमची चोवीस फुटी जुनी गाडी लिटरला जेमतेम चार किलोमीटर देते, हे खरंच. पण पेट्रोल गाडी चालली तर लागतं. उभी गाडी रोज खाते. आमच्या वसाहतीत ती घरासमोर ठेवू देत नाहीत, म्हणून जागेचं मासिक भाडं. विमा. टायर न झिजताही उन्हाने तडकतात, सहा-सात वर्षांत बदलावे लागतात. छपराचे सांधे दरवर्षी तपासून सीलंटने भरायचे. पाणी एकदा आत मुरलं की लाकूड कुजतं आणि गाडी संपलीच. थंडीआधी नळांतलं पाणी काढायचं, नाहीतर गोठून पाइप फुटतात. गाडीची किंमत सोडून हे सगळं आम्हाला वर्षाला साधारण 3,600 डॉलरला पडतं.

आता बाईंनी शिकवलेला भागाकार. वर्षात 12 रात्री राहिलात तर रात्रीला 300 डॉलर. तेवढ्यात उत्तम हॉटेल मिळतं. 60 रात्री राहिलात तर 60. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी आपल्या रजा मोजा. आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन निघतो, गाडीतूनच काम करतो, म्हणून आमच्या रात्री भरतात.

मुक्कामाचा खर्च कमी करता येतो. पश्चिमेकडे केंद्र सरकारच्या बऱ्याच मोकळ्या जमिनींवर 14 दिवस फुकट राहता येतं. ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटजवळ 180 डॉलरच्या परवान्यावर 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल मुक्काम करता येतो. फुकट जागी नळ नाही, वीज नाही. टाकीतलं पाणी आठवडाभर पुरवायचं. तिथे आपलं बालपण कामी येतं, एक बादली आणि एक तांब्या! शिवाय एका जागी थांबलं की पेट्रोलही वाचतं.

एक गोष्ट मी भागाकारात धरलेली नाही. आईला मधुमेह आहे. तिला तासाभराने संडास लागतो, जेवण वेळेवर लागतं. ग्रँड कॅन्यन तिने पाहिलं ते या गाडीमुळेच, स्वतःच्या हातची भाकरी खाऊन.

तुमच्यापैकी कोणी तिकडे फिरायला आलात तर आधी आठवडाभर भाड्याने घेऊन बघा. मैलांचे आणि जनरेटरच्या तासांचे पैसे वेगळे लागतात का, तेवढं विचारून घ्या. बहुतेकदा लागतात.