पोर परदेशी धाडण्याआधी

(माळशिरस येथील जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



भावाचे आणि विम्याचे बोलणे सकाळच्या बैठकीत झाले. आता जे बोलायचे आहे ते सभेच्या विषयपत्रिकेवर कधीच नसते. सभा संपली, सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाली, की कोणीतरी आम्हाला बाजूला घेतो आणि हळू आवाजात विचारतो, "पोराचा परदेशी नंबर लागलाय. दोन एकर काढू का?" कधी पोरगी असते, तेव्हा आवाज आणखी हळू होतो. अकलूज-माळीनगरच्या कालव्याखालचा बागायतदार विचारतो तसाच पिलीवच्या माळावरचा ज्वारीवालाही विचारतो. बागायतदाराचे दोन एकर गेले तरी चूल पेटते. कोरडवाहूवाल्याचे गेले की मागे काय उरते, हे इथे बसलेल्या कोणाला सांगायला नको.

शिकायला परदेशी जावे की नाही, याचे उत्तर आमच्या मते सरळ आहे. जावे. शेतकऱ्याच्या पोराने तर जरूर जावे. आपल्यातला एकजण सव्वाशे वर्षांपूर्वी गेला होता आणि त्याच्या बापाने त्यासाठी जमीन विकली नव्हती. त्याची हकीकत आधी सांगतो, कारण शाळेच्या पुस्तकात ती फारशी आली नाही.

पांडुरंग सदाशिव खानखोजे. जन्म वर्ध्याचा, १८८४ सालचा. म्हणजे कापूसवाल्यांच्या मुलखातला माणूस. डोक्यात स्वातंत्र्याचे वेड, खिशात काही नाही. विशीतच ते जहाजाने जपानला आणि तिथून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला पोचले. लष्करी शिक्षण घेतले आणि शेतीचेही घेतले. आधी ओरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात होते, मग वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन गावच्या कॉलेजात. १९१३ मध्ये त्यांनी तिथली पदव्युत्तर पदवी मिळवली. शिष्यवृत्ती नव्हती, घरून मनीऑर्डर नव्हती. पोटासाठी मिळेल ते काम केले, शेतावर राबले, लाकडाच्या गिरण्यांत राबले. त्या गिरण्यांत पंजाबातून आलेले शेतकरी मजूर होते. कर्ज डोक्यावर घेऊन घर सोडलेली माणसे. त्यांच्यात राहून, त्यांच्यातला होऊन, खानखोजे गदर पक्षाच्या उभारणीत उतरले. तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळेही अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला गेलेला विद्यार्थीच होता. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात त्याला फाशी दिले. विद्यार्थी म्हणून गेलेल्या पोरांनी त्या काळी काय काय केले, याचा हा एक नमुना.

शेतीची माणसे म्हणून आमचे कुतूहल जरा वेगळे आहे. खानखोजे शिकले ते पुलमन ज्या भागात आहे, तो सगळा भाग कोरडवाहू गव्हाचा. वर्षाला पाऊस साधारण २० इंच, म्हणजे आपल्या माणदेशाच्या जवळपासचा. फरक इतकाच की तिकडे पाणी आणि बर्फ पडते ते हिवाळ्यात, आणि उन्हाळा कोरडा जातो. गहू वाढतो तो खोल जमिनीत मुरलेल्या ओलीवर. आपली रब्बीची मालदांडी दुसरे काय करते? हस्ताचा पाऊस काळ्या रानात मुरवायचा, वर कोळपणीने भेगा बुजवायच्या, आणि त्या ओलीवर कणीस भरायचे. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र १९३३ मध्ये निघाले. आपले जाणते त्याआधी कित्येक पिढ्या हेच करत होते. तेव्हा आपले पोर परदेशी जाते तेव्हा ते रिकाम्या हाताने जात नाही, एवढे त्याला जाताना सांगा.

पुढे खानखोजे मेक्सिकोत गेले. तिथे क्रांतीनंतर जमिनी शेतकऱ्यांना वाटल्या जात होत्या. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले, मक्याच्या सुधारणेवर काम केले, आणि कॉलेजात येऊ न शकणाऱ्या शेतकऱ्यांसाठी गावागावांत मोफत शेतीशाळा काढण्यात पुढाकार घेतला. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि नागपूरला राहिले. २२ जानेवारी १९६७ रोजी तिथेच वारले. मेक्सिकोतल्या मक्याने त्यांचा जेवढा उपयोग करून घेतला, तेवढा आपल्या ज्वारीने आणि कापसाने घेतला नाही. तो दोष ज्वारीचा नव्हे.

आता आजच्या पोरांकडे येऊ. शिकता शिकता काम करायचे, हे आपल्याला नवे नाही. 'कमवा आणि शिका' हे शब्द कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतेच्या पोरांच्या हातात कुदळ देऊन शिकवले. पण तिथे पोर राबायचे ते आपल्याच वसतिगृहाच्या रानात, आणि त्याच्या घामाचे त्याच्याच ताटात पडायचे. आज एजंट जे 'पार्ट टाइम' सांगतो ते तसे आहे का, हे पेन्सिल घेऊन बघू.

इंग्लंडचे उदाहरण घेतो. पदवीच्या किंवा त्यावरच्या शिक्षणाला गेलेल्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येते. एप्रिल २०२५ पासून तिथे २१ वर्षांवरच्या कामगाराची किमान मजुरी तासाला १२.२१ पौंड ठरली. पौंड त्या वर्षी ११५ रुपयांच्या आसपास धरा. तासाला १,४०० रुपये! २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये जाहीर झाला. म्हणजे दुकानात फळ्यांवर डबे मांडणाऱ्या पोराला पावणेतीन तासांत जे मिळते, त्यात तुमच्या एका क्विंटलची पेरणी, खुरपणी, राखण, काढणी, मोडणी आणि मळणी आली. तीही हमीभाव पदरात पडला तर.

हे ऐकून हुरळू नका, हिशोब अजून संपलेला नाही. वीस तास दर आठवड्याला न चुकता मिळाले, तर वर्षाच्या सरासरीने महिन्याला १,०५८ पौंड होतात. आणि लंडनबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याला जगायला महिन्याला १,१३६ पौंड लागतात, हा आकडा जानेवारी २०२५ पासून तिथल्या सरकारनेच व्हिसासाठी धरला होता. लंडनमध्ये १,४८३. म्हणजे सगळे तास भरूनही पोट पुरते भरत नाही. फी कशातून फिटणार? एक वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाला १५-२० हजार पौंड फी ही नेहमीची गोष्ट आहे, वर सरकारी दवाखान्याची वर्षाची ७७६ पौंडांची पट्टी वेगळी. सुट्टीत पूर्ण वेळ काम करता येते म्हणावे, तर एक वर्षाच्या कोर्सला उन्हाळ्यात प्रबंध लिहायचा असतो आणि तो काळ बहुधा सत्रातच धरतात. "पोर तिकडे कमवून फी भरेल" असे जो तुम्हाला सांगतो, त्याला ही बेरीज करायला लावा. बहुतेक एजंटांना विद्यापीठाकडून कमिशन मिळते, हेही लक्षात असू द्या. आडत्याला दोन्हीकडून आडत मिळाली की माल कसा खपतो, ते आपण बाजार समितीत पाहिलेले आहे.

कॅनडात ही मर्यादा नोव्हेंबर २०२४ पासून आठवड्याला २४ तास आहे, ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८. अमेरिकेत सत्रात २० तास, आणि तेही पहिल्या वर्षी कॉलेजच्या आवारातच. मर्यादेबाहेर रोखीने काम केले आणि सापडले तर व्हिसा जातो. म्हणून रोखीवाला मालक कमी पैसे देतो आणि पोर बोलू शकत नाही.

जाऊन आलेली पोरे आम्हाला भेटतात. दोन खोल्यांत सहाजण, गोदामात रात्रपाळी, आणि पाळी आहे की नाही ते आदल्या संध्याकाळी मोबाईलवर कळते. 'शून्य तासांचा करार' नावाचा प्रकार इंग्लंडमध्ये चालतो. मालकाने किती काम द्यावे याला बंधन नाही. आपल्या ऊसतोड मजुराला निदान उचल तरी मिळते! लेस्टरच्या गुजराती दुकानात जुवारचे पीठ मिळते, म्हणून काही पोरे तिथे भाकरी थापायला शिकली. घरी आईच्या हाताखाली कधी काटवट धरली नव्हती. ही पोरे कामाची लाज विसरून येतात. इथे शेतात उतरायला पँट मळेल म्हणणारा तिकडे संडास घासतो आणि ते सांगताना मान खाली घालत नाही. हे शिक्षण छोटे नाही. आमच्या कृषी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाला 'ग्रामीण कार्यानुभव' असतो. कृषिदूत येतात, बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते, फोटो पेपरात येतो, आणि शेतकरी उरलेले बियाणे नेहमीसारखे पेरतो. त्यातली चांगली पोरे वगळून बोलतो आहोत, पण बहुतेकांच्या हाताला त्यात घट्टा पडत नाही.

आता मूळ प्रश्न, दोन एकरांचा. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की बँका सहसा तारण मागतात. पण २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, बँकेला ती त्या कायद्याने झटपट विकता येत नाही. म्हणून बँका शेतीचा सातबारा बहुधा तारणाला घेत नाहीत. घर किंवा एन. ए. प्लॉट मागतात. कोरडवाहूवाल्याकडे ते कुठले? मग तो दोनपैकी एका दाराशी जातो. एक तर जमीन फुकून टाकतो, नाही तर सावकाराला 'नुसते नावापुरते' खरेदीखत करून देतो. व्याज चालू, जमीन त्याच्या नावावर, आणि पोराला ही गोष्ट कळवलेलीही नसते. असे खत करून देऊ नका. करून बसला असाल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. कागद घेऊन आमच्याकडे या.

विकण्याआधी शिष्यवृत्तीचे दार वाजवा. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा मुलांसाठी 'सारथी'ची आहे, इतर प्रवर्गांसाठीही आहेत. जागा थोड्या असतात आणि जागतिक क्रमवारीत वरच्या विद्यापीठातच प्रवेश लागतो. ही अट एका अर्थी तुमचीच राखण करते. सरकार ज्या कॉलेजासाठी पैसे द्यायला तयार नाही, त्यासाठी तुम्ही बापजाद्याचे रान का द्यावे, हे एकदा पोराला विचारा.

दुसरा प्रकार 'प्रशिक्षणार्थी'चा. जपानने १९९३ पासून तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजना चालवली, त्यात शेतीही आहे आणि २०१७ पासून भारताशी करार आहे. नाव शिकण्याचे, प्रत्यक्षात मजुरी. मालक बदलायची मुभा जवळपास नव्हती. बोभाटा इतका झाला की जून २०२४ मध्ये जपानच्या संसदेने ही योजना मोडून २०२७ पासून नवी आणायचा कायदा केला. नेपाळची शेती शिकणारी पोरे 'शिका आणि कमवा' म्हणून इस्राएलला गेली होती. गाझाच्या सीमेजवळच्या अलुमिम वस्तीत १७ जण होते. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात त्यातले १० मारले गेले. शेतावर काम करायला जाऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. कामाची जागा नकाशावर नेमकी कुठे आहे, हे घरच्यांनी आधी विचारायचे असते, एवढ्यासाठी हे सांगितले.

आणि जे पोर शेतीच शिकायला अमेरिकेत जाते, त्याला तिकडे काय दिसते? टेक्सासमध्ये लबक गावाभोवती कापूस आणि ज्वारी, आपलीच दोन पिके, पाऊस १८-१९ इंच, निम्म्याहून जास्त कापूस कोरडवाहू. २०२२ च्या दुष्काळात तिथल्या शेतकऱ्यांनी बहुतेक कोरडवाहू कापूस न वेचता सोडून दिला, पण विम्याने त्यांना तगवले. विम्याचा निम्म्याहून जास्त हप्ता तिथे सरकार भरते. आपले सरकारही हप्त्याचा मोठा वाटा भरते, हे मान्य केले पाहिजे. फरक भरपाईत आहे. तिथे बहुधा त्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानाचे मागचे उत्पन्न धरतात, इथे सगळ्या महसूल मंडळाची सरासरी. ओढ्याकाठच्या चार रानांनी मंडळाची सरासरी वर नेली की माळावरचा बुडतो. आणि तिकडून विम्याच्या आधाराने पिकलेली गाठ आपल्या गिरण्यांत यावी म्हणून इथे १९ ऑगस्ट २०२५ पासून वर्षअखेरपर्यंत कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ झाले. हे सगळे पाहून आलेले पोर तुमच्या ज्वारीत परत उतरेल का? नाही उतरले तर त्याला नावे ठेवू नका. त्याला हिशोब येतो.

ज्यांच्या घरी यंदा असे कागद आले आहेत, त्यांनी चार कागद घेऊन पुढच्या बैठकीला तासभर आधी या. प्रवेशपत्र, फीचे पत्रक, एजंटाशी झालेला करार, आणि कामाची हमी दिली असेल तर ती लेखी. पोराला किंवा पोरीला बरोबर आणा, कारण कागद बहुधा इंग्रजीत असतो आणि सही त्यांची असते. जाऊन आलेली तालुक्यातली दोघेतिघे यायला तयार आहेत. तोवर कोणी इसार घेऊ नका.