वाढते वय आणि स्मरणशक्ती
(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



'साठी बुद्धी नाठी' असे आपण सहज म्हणून जातो. दादीला नाव आठवेना की हसतो, आणि हळूहळू तिला काही विचारणेच सोडून देतो. म्हणून ही म्हण कितपत खरी, हे तपासले पाहिजे.

विसरणे ही केवळ म्हाताऱ्यांची मिरासदारी नव्हे. एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले. पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने आणि पुढे सावकाश विसरले जाते, असे त्याने 1885 साली दाखविले. त्या वेळी तो अवघा 35 वर्षांचा होता!

1972 साली टल्विंग या मानसशास्त्रज्ञाने स्मृतीचे दोन प्रकार वेगळे केले : घडलेल्या प्रसंगांची स्मृती आणि अर्थज्ञानाची स्मृती. वय वाढते तशी पहिली उणावते. काल कोण आले, चष्मा कोठे ठेवला, हे चटकन आठवत नाही. परंतु शब्दसंग्रह व आयुष्यभराचे ज्ञान पुष्कळ काळ टिकते. हातात मुरलेले कसबही सहसा जात नाही. म्हातारा दर्जी सुईत दोरा ओवायला वेळ लावील, पण टाका चुकणार नाही.

आपण परीक्षेत 'रिकाम्या जागा भरा' आणि 'योग्य पर्याय निवडा' असे दोन्ही प्रश्न घालतो. वृद्धांना पहिला प्रश्न जड जातो, दुसरा बराच सोपा. म्हणजे आठवण पुसलेली नसते, ती शोधायला वेळ लागतो. थोडा धीर धरा, एखादा धागा द्या; उत्तर येते.

मात्र सर्वच विसराळूपणा वयाच्या माथी मारू नये. किल्ली कोठे ठेवली हे विसरणे वेगळे आणि किल्ली कशासाठी असते हे विसरणे वेगळे. रोजची वाट चुकणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, नेहमीचा हिशेब न जमणे, ही आजाराची चिन्हे असू शकतात. डॉ. अल्झायमर यांनी 1906 साली अशाच एका रुग्ण स्त्रीची हकीकत वैद्यांसमोर मांडली होती. या आजारावर अद्याप पूर्ण बरे करणारा इलाज नाही. पण थायरॉइडचा विकार, बी-12 जीवनसत्त्वाची उणीव, मनाची उदासी किंवा झोपेच्या गोळ्या यांमुळेही विसर पडतो, आणि त्यावर उपाय असतो. म्हणून 'वय झाले' असे म्हणून घरी न बसता डॉक्टरांना दाखवावे.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणारी 14 कारणे सांगितली. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपण, एकटेपणा ही त्यांपैकी काही. ही 14 कारणे दूर झाली तर जवळजवळ 45 टक्के रुग्णांचा आजार टळू अथवा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे लहानपणी शिक्षण कमी मिळणे हेही त्यांतील एक कारण आहे. आज शाळा सोडणारी मुलगी केवळ नोकरीलाच मुकते असे नाही. तिच्या म्हातारपणाची शिदोरीही कमी होते.

तेव्हा पालकहो, मुलींना शाळेतून काढू नका. घरातील वडीलधाऱ्यांचे कान तपासून घ्या. जो शब्द नीट ऐकूच आला नाही, तो आठवणार कसा? आणि विद्यार्थी मित्रहो, रोज थोडा वेळ दादा-दादींजवळ बसा. त्यांना जुने विचारा आणि आजचे सांगा. त्यांचे एकटेपण कमी होईल, आणि जे कोणत्याही पुस्तकात नाही ते तुम्हाला मिळेल.