पीठ ओळखीचे निघाले

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आजवर मंडळात मी पापड लाटले आणि भजनाला टाळ धरले, इतकेच. पण "व्हिएतनामला एकटी गेलीस, तर जेवलीस काय?" हा प्रश्न मला भाजीबाजारापासून लोकलच्या बायकांच्या डब्यापर्यंत इतक्या जणींनी विचारला, की चिटणीसबाई म्हणाल्या, एकदा उभ्या राहा आणि सगळ्यांना सांगून टाका.

एकटी जायचे असे काही ठरले नव्हते. लेकीने साठवलेल्या पगारातून दोघींची तिकिटे काढली होती. ऐन वेळी तिची रजा नामंजूर झाली. हे म्हणाले, रद्द करू. तिकिटांचे पैसे परत मिळणार नव्हते. मी गप्प बसले, कारण मलाही भीतीच वाटत होती. इंग्रजी येत नाही, आणि ठाण्याच्या पलीकडे मी एकटी कधी गेलेली नाही. तेव्हा सासूबाई बोलल्या, "माझे राहिले ते राहिले. हिला जाऊ दे. आठ दिवस पोळ्या मी लाटीन." त्यांच्या या शब्दावर मी विमानात बसले.

मुंबईहून हनोईला सुमारे पाच तासांत विमान जाते. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. लेकीने मला एका कागदावर सहा शब्द देवनागरीत लिहून दिले होते. 'बो' म्हणजे गाय-बैलाचे मांस, 'हेओ' म्हणजे डुकराचे, 'गा' कोंबडी, 'का' मासा, 'तोम' कोळंबी आणि 'चाय' म्हणजे शाकाहारी! गंमत पाहा, प्यायच्या चहाला हनोईत 'चा' म्हणतात. पहिल्याच दिवशी मी चहा मागायला 'चाय, चाय' म्हटले, तर त्या बाईने माझ्यापुढे वाफाळलेले टोफू आणून ठेवले. तेही गोड मानून खाल्ले.

आपल्याला मासा चालतो, पण सोमवार मी पाळते. तिथे शाकाहार मिळेल का, ही मोठी काळजी होती. पण तिकडचे पुष्कळ बौद्ध लोक अमावास्या-पौर्णिमेला शाकाहार करतात. मठातल्या जेवणात कांदा-लसूणसुद्धा नसतो, अगदी आपल्या चातुर्मासासारखे. पाटीवर 'चाय' लिहिलेली खाणावळ शोधायची, की झाले. अक्षरे इंग्रजीच, मात्र कोणाच्या डोक्यावर टोपी, कोणाच्या पायाशी टिंब. एक सावधगिरी हवी. मासे आणि मीठ एकत्र भरून महिनोन्‌महिने मुरवतात आणि त्याचे पाणी जवळजवळ प्रत्येक पदार्थात घालतात. वास आपल्या सुकटीच्या जवळचा. कडक शाकाहारी असाल, तर साधी भाजीही विचारूनच घ्या.

आता मुख्य गोष्ट. हनोईच्या जुन्या वस्तीत सकाळी हिंडत होते. एका बोळात एक बाई बुटक्या चौरंगासारख्या बैठकीवर बसली होती. पुढे उकळत्या पाण्याचे भांडे आणि त्याच्या तोंडावर ताणून बांधलेले पांढरे कापड. तिने डावाने पातळ पीठ कापडावर ओतले, डावाच्या बुडाने गोल फिरवले, वर झाकण ठेवले. वीस-तीस आकडे मोजावेत इतक्यात झाकण काढले आणि बांबूची चपटी काडी खाली सारून आरपार दिसेल अशी पातळ पापडी अलगद उचलली. मी तिथेच थबकले. अहो, ही तर आपली तांदळाची फेणी! आपण तीन दिवस भिजवून आंबवतो, ताटल्यांवर वाफवतो, सोलतो आणि उन्हात घालतो. ती आंबवत नाही आणि ओलीच गुंडाळून वाढते. याला 'बान्ह कुओन' म्हणतात. आत बहुधा डुकराचा खिमा आणि काळी अळंबी असते. मी कागद दाखवून खिम्याला नको म्हटले. तिने नुसती गुंडाळी करून वर तळलेला कांदा घातला.

मी मोबाइलवर मागल्या वैशाखात आपण गच्चीवर वाळत घातलेल्या फेण्यांचा फोटो तिला दाखवला. ती मोठ्याने हसली, फोटो शेजारणीला दाखवला आणि माझ्या हातात डाव दिला. माझी पहिली पापडी फाटली, दुसरी जाड झाली, तिसरी मात्र अखंड निघाली. तिने मान डोलावली. बायांनो, त्या देशात मला एक पाटी धड वाचता येत नव्हती, पण पीठ किती पातळ आहे ते मला कळत होते. सातवीत शाळा सुटली, ते शल्य मी आजवर उराशी धरून होते. त्या सकाळी ते थोडे हलके झाले.

निघताना मी तिला वीस हजार डाँगची निळी नोट दिली, असे मला वाटले. ती मागून धावत आली. मी पाच लाखांची दिली होती! दोन्ही नोटा निळ्या. पाच लाख म्हणजे आपले सतराशेच्या आसपास रुपये. तिने ती परत केली आणि योग्य नोट माझ्या पाकिटातून बोटाने दाखवून घेतली. त्या बाईचे नाव मला ठाऊक नाही, पण तिला मी विसरणार नाही.

पुढे होई आनला गेले. तिथे तांदळाच्या पिठात हळद घालून कढईत ओततात. ओतताच जो आवाज होतो, त्यावरूनच त्याचे नाव 'बान्ह सेओ'. आपण 'चर्र' म्हणतो तसे. आत कोळंबी आणि मोड आलेले मूग, बाहेरून आपले घावन. ते पालेभाजीच्या पानात, पुदिन्या-तुळशीसारख्या पाल्यासह गुंडाळून खायचे. हनोईत हळद लावलेला मासा चक्क शेपूत परततात. घरी शेपू म्हटले की नाक मुरडणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे! पाव तिथे फ्रेंचांनी नेला, तसा आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला. फ्रेंचांची सत्ता १९५४ मध्ये संपली, पाव मात्र राहिला. त्यात त्यांनी लोणचे-कोथिंबीर भरली, आपण बटाटेवडा भरला.

शेवटी इतकेच सांगते. सगळ्यांनी परदेशी जावे असे नाही. तेवढा पैसा कुठला! पण कल्याणच्या पलीकडे एकटीने जायला आपल्याला कोणी अडवलेले नसते, पुष्कळदा आपणच अडून बसतो. जाताना पाच-सहा शब्द पाठ करा, नोट दोनदा पाहा आणि जिथे चूल पेटलेली आहे व बाई रांधते आहे तिथे थांबा. बोलणे आपोआप होते.

येत्या वैशाखात फेण्या घालू, तेव्हा एक घाणी कापडावर करून पाहू. मी शिकवीन. फाटली तर फाटली. ज्यांनी आठ दिवस पोळ्या लाटल्या, त्या सासूबाई आज समोर बसल्या आहेत. त्यांना नमस्कार करून मी माझे बोलणे संपवते.