बोअरच्या गाडीची वही
(हिंजवडी येथील हितचिंतकांच्या सभेत झालेले भाषण)



सर्व्हर देखभालीसाठी कधी बंद ठेवायचा, हे तुमच्यापैकी कित्येकजण इथे हिंजवडीत आधीच ठरवतात. आदिवासी पाड्यांवर जाणाऱ्या बोअरच्या गाडीलाही हीच शिस्त लागते.

१९६० च्या दशकात जालन्यात चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने हवेच्या दाबावर चालणारी यंत्रे आणून मराठवाड्याचा काळा खडक भेदला. पाणी लागले, पण घरगुती वापराचे बिडाचे हातपंप अख्ख्या गावाच्या उपशाने मोडू लागले. मग जालना आणि सोलापूर येथे मिशनरी कामातूनच पोलादी पंप घडले. सोलापूरच्या पंपावरून पुढे ‘इंडिया मार्क २’ आला. पाणी लागणे हे अर्धेच काम, ते चालू ठेवणे हे उरलेले अर्धे.

गाडीची देखभाल महिन्यांवर नव्हे, तर इंजिन किती तास चालले यावर ठरते. म्हणून अवर मीटरचा आकडा रोज लिहावा. कॉम्प्रेसरचे ऑइल आणि फिल्टर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या तासांना बदलावेत. धुळीत काम असल्याने एअर फिल्टर रोज पाहावा. बिटचा व्यास मोजून लिहावा. झिजलेल्या बिटने भोक अरुंद होते. त्यात नवी बिट उतरवली, तर ती अडकते आणि हॅमरही खाली राहू शकतो.

मोठी दुरुस्ती पावसाळ्यातच उरकावी. पेठ, सुरगाणा, जव्हारकडच्या कच्च्या वाटांवर तेव्हा जड गाडी नेता येत नाही. एप्रिलमध्ये गाडी बंद पडली, तर पाड्यावरच्या बायाबापड्यांना आणखी एक उन्हाळा हंडा घेऊन दरी उतरावी लागते.

वहीत पाच रकाने पुरेत: तारीख, इंजिनचे तास, काय केले, कोणी केले, पुढचे काम किती तासांवर. ‘सर्व ठीक’ असे लिहू नये, आकडा लिहावा. ऑपरेटर बदलला, तरी नव्या माणसाला त्या वहीवरून गाडीची प्रकृती कळते.

विंधन विहिरीजवळ देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते, ऑइल फिल्टरवर लावता येत नाही. तरीही एका विहिरीसाठी देताना थोडे देखभालीसाठीही द्या. आणि कामाच्या ठिकाणी भेट द्याल, तेव्हा नव्या विहिरीचे पाणी जरूर प्या, पण गाडीची वहीही मागून पाहा.