शिडाच्या नौकेवरील संसार

(महोत्सवाच्या सायंकाळच्या सभेंत केलेलें भाषण)



नेकनूरसारख्या गांवीं समुद्रप्रवासावर बोलणें पुष्कळांस विचित्र वाटेल. येथून समुद्र दूर. आपल्यांपैकीं कित्येकांनीं तो पाहिलेलाहि नसेल. तथापि आपल्या बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात व परमुलखांत एका लहानशा कोपींत पांच-सहा महिने संसार करितात. ज्यांनीं तो संसार केला आहे, त्यांस आजची माझी कथा परकी वाटणार नाहीं.

गोव्यांत मांडवी नदींतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत ‘तारिणी’ नांवाची शिडाची नौका बांधली गेली. लांबी सुमारें ५५ फूट. १० सप्टेंबर २०१७ रोजीं भारतीय नौदलाच्या सहा स्त्री-अधिकारी तींतून गोव्याहून निघाल्या. वर्तिका जोशी या प्रमुख. प्रतिभा जामवाल, स्वाती, ऐश्वर्या बोड्डापाटी, विजया देवी व पायल गुप्ता या सहकारिणी. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाऊन अशीं परदेशचीं बंदरें घेत, पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजीं त्या गोव्यास परतल्या.

अशा नौकेवर रात्रंदिवस पाळ्या चालतात. एकीनें सुकाणू व शिडें सांभाळावीं, तेव्हां दुसरीनें निजावें. नौका कलली तरी निजलेलें माणूस खालीं पडूं नये म्हणून बिछान्यास आडोसा असतो. चूल टांगलेली असते. नौका झुकते, परंतु भांडें सपाट राहतें. वादळांत वर जावयाचें तर कमरेचा दोर नौकेस बांधून जावें लागतें. पिण्याचें पाणी मोजून वापरावयाचें आणि पाऊस आला कीं तें धरून ठेवावयाचें. सभोंवार अथांग पाणी, आणि घोटाघोटाची काटकसर! दुष्काळांत डोक्यावर हंडा वाहणाऱ्या आपल्या भगिनींस हें निराळें समजावून सांगावयास नको.

किनारा दिसला कीं संकट टळलें, असें आपणांस वाटतें. दर्यावर्दीचा अनुभव उलट आहे. भर समुद्रांत नौकेस हालचालीस जागा असते. किनाऱ्याजवळ खडक, प्रवाह, मोठीं जहाजें व कोळ्यांचीं जाळीं असतात. वारा किनाऱ्याकडे लोटूं लागला तर लहान नौकेस निसटणें कठीण. म्हणून परक्या किनाऱ्याजवळची रात्र जागून काढावी लागते. बंदरांत शिरतांना पिवळें निशाण व यजमान देशाचा ध्वज लावितात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें फळें, भाज्या, मांस व मध यांची कसून तपासणी होते. त्यानंतर शिडें शिवणें, दोर तपासणें, पाणी व शिधा भरणें. विश्रांति सर्वांच्या शेवटीं.

परतीच्या अखेरच्या टप्प्यांत ‘तारिणी’च्या सुकाणूच्या यंत्रणेंत बिघाड झाला. घर जवळ आलेलें असतां त्यांनीं एप्रिल २०१८ मध्यें मॉरिशसचें बंदर गांठलें, दुरुस्ती केली, मगच पुढें निघाल्या. घराच्या ओढीपेक्षां सहा जीवांची सुखरूपता त्यांनीं मोठी मानिली.

२०१८ च्याच सप्टेंबरांत नौदलाचे अभिलाष टॉमी एकट्यानें जगप्रदक्षिणेच्या शर्यतींत असतां हिंदी महासागरांत वादळ झालें. डोलकाठी मोडली, पाठीस जबर इजा झाली. फ्रेंच गस्ती जहाज पोहोंचेपर्यंत तीन दिवस ते बिछान्यावर खिळून होते. शूर पुरुष ते. परंतु त्यांची पाळी घेणारें नौकेवर दुसरें कोणी नव्हतें.

श्रोतेहो, या दोन नौकांतील भेद आपण ध्यानीं धरावा. यंदा आपलीं माणसें ऊसतोडीस जातील, तेव्हां मागें राहिलेलीं वृद्ध माणसें व शाळेंतील मुलें एकटीं पडतील. त्यांच्या दारीं सांजसकाळ जाणें, ही आपली पाळी आहे. ती कोणीं, कोणत्या दिवशीं घ्यावयाची, हें या सभेंतून उठण्यापूर्वींच ठरवूं या.