घरची भाषा आणि मनाचे शास्त्र

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दहावीचा निकाल लागला की वडोदऱ्यातल्या मराठी घरांत एक जुनाच प्रश्न नव्याने विचारला जातो : आता पुढे काय? गेली साठ वर्षे या शाळेच्या मुलांनी त्याची उत्तरे बहुधा ठरावीक दिली. अभियांत्रिकी, वाणिज्य, बँक, रिफायनरी, रेल्वे. अलीकडे मात्र एक निराळे उत्तर ऐकू येऊ लागले आहे : मानसशास्त्र. हे उत्तर ऐकताना पालकांच्या चेहऱ्यावर विरोधापेक्षा गोंधळच अधिक दिसतो. डॉक्टर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असते, वकील म्हणजे काय हेही ठाऊक असते; पण मानसशास्त्र शिकलेला माणूस सकाळी उठून नेमके कोठे जातो, हे सांगणारे कोणी भेटलेले नसते.

आजचे बोलणे अशाच एका विद्यार्थिनीविषयी आहे. घरातल्या आजाराची गोष्ट असल्याने तिचे नाव येथे घेतलेले नाही.

दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत राहणारे हे कुटुंब. वडील नंदेसरीच्या एका कारखान्यात हिशेबनीस, आई शिवणकाम करते, आणि घरात ऐंशीच्या घरातली आजी. आजी लग्न होऊन साताऱ्याकडून येथे आली. साठ वर्षांत तिची गुजराती भाजीवाल्यापुरती आणि शेजारणीपुरती झाली, त्यापलीकडे गेली नाही. मुलगी दहावीत असताना आजी दुधाचे पातेले गॅसवर ठेवून विसरू लागली, मग देवळातून परतताना गल्ली चुकू लागली. घरच्यांनी आधी वयावर ढकलले. शेवटी एका रुग्णालयात दाखवले, तेव्हा डॉक्टरांनी स्मृतीची चाचणी करून आणायला सांगितले. त्या दिवशी वडिलांना रजा मिळाली नाही, म्हणून आईबरोबर मुलगी गेली.

चाचणी घेणाऱ्या बाई मानसशास्त्रज्ञ होत्या. समोरचा छापील कागद इंग्रजीत होता; त्या प्रश्न हिंदीत आणि गुजरातीत विचारत होत्या. आज कोणती तारीख? आजी गप्प. कोणता महिना? आजीने पदर सारखा केला. कोणते साल? ती खिडकीकडे पाहत राहिली. तेवढ्यात मुलीला राहवले नाही. ती मराठीत म्हणाली, "आजी, आज काय आहे गं?" आजीने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "संकष्टी. गणपती गेले नाहीत का कालपरवाच? पितृपक्षातली संकष्टी. उपास आहे माझा, मला येथे चहासुद्धा विचारू नका."

बाईंनी लेखणी खाली ठेवली. कागदावरच्या चौकटीत या उत्तराला जागा नव्हती, पण त्यांनी ते समासात लिहून घेतले आणि मुलीला म्हणाल्या, उरलेले प्रश्न तू मराठीत विचार. मुलगी खुर्ची ओढून पुढे बसली. काही प्रश्न आजीने सहज सोडवले. मग तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी ते परत विचारण्याची वेळ आली. आजीला एकही शब्द आठवेना. मुलगी पुटपुटली, "आजी, आं... आंबा..." आणि बाईंनी हात वर केला. त्या हिंदीतच म्हणाल्या, "सांगू नकोस. फक्त विचार."

घरी परतल्यावर मुलीने भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली. खरोखरच संकष्टी होती. आजीला स्मृतिभ्रंश आहे, हे निदान काही त्यामुळे बदलले नाही. ते पुढच्या तपासण्यांतही कायम राहिले. मराठीतून विचारल्याने आजार पळून गेला, असे कोणी समजू नये. बदलले ते इतकेच, की आजीजवळ काय गेले आहे आणि काय अजून शाबूत आहे, याचा खरा हिशेब लागला. घरच्यांच्या पुढच्या वागण्याला त्याचा फार उपयोग झाला. तारीख विचारून तिला खजील करणे त्यांनी सोडले. तिथी विचारू लागले.

आणि मुलीने जाहीर केले की तिला मानसशास्त्र शिकायचे आहे.

घरात जे व्हायचे ते झाले. आत्या म्हणाली, वेड्यांच्या डॉक्टरीत मुलीला घालता? वडिलांचा प्रश्न अधिक रोकडा होता : किती वर्षे, किती पैसे, आणि शेवटी नोकरी कोणती? या प्रश्नाची चेष्टा करण्याचे कारण नाही. हिशेबनिसाच्या पगारात ज्याला दोन मुले शिकवायची आहेत, त्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तरही तितकेच रोकडे असावे.

पहिली गोष्ट, आत्याचा समज. औषधे लिहून देणारा मानसोपचारतज्ज्ञ हा आधी एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर असतो. तो मार्ग विज्ञान शाखेतून आणि नीट परीक्षेतून जातो. मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही. तो चाचण्या घेतो, बोलतो, ऐकतो, वागण्याच्या सवयी बदलण्यासाठी ठरलेल्या पद्धतींनी महिनोन्महिने काम करतो. त्यांतला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, ज्याला बोलताना सगळे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच म्हणतात, त्याच्यासाठी १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. पदवी, पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर परिषदेने मान्य केलेले, प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचे दोन वर्षांचे एम.फिल. प्रशिक्षण, असा हा मार्ग अनेक वर्षे चालत आला. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.फिल. ही पदवी मावळते आहे आणि तिच्या जागी परिषदेचे नवे अभ्यासक्रम येत आहेत. म्हणून प्रवेशाच्या वर्षी परिषदेची त्या वर्षीची मान्यताप्राप्त संस्थांची यादी पाहूनच पाऊल टाकावे. बारावीनंतर सात-आठ वर्षे धरून चालावे. वडिलांना हा आकडा लपवून सांगणे म्हणजे मुलीचेच नुकसान.

सहा आठवड्यांत घरबसल्या समुपदेशक बनवणारी प्रमाणपत्रे सध्या पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी विकली जातात. त्यांतून चार चांगली पुस्तके वाचून होत असतील तर उत्तमच. पण दुसऱ्याच्या दुःखात हात घालण्याचा परवाना त्यांतून मिळत नाही.

सर्वांनीच चिकित्सेकडे वळावे असेही नाही. शाळांना समुपदेशक हवे आहेत. केंद्रीय मंडळाच्या शाळांना तर ते नेमणे बंधनकारक आहे. सैन्यदलांत अधिकारी निवडताना उमेदवारांची मानसशास्त्रीय परीक्षा होते. हवाई दलाचे असे एक निवड मंडळ गांधीनगरलाच आहे. त्याच गांधीनगरात राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे आणि तेथे गुन्हे तपासाशी निगडित मानसशास्त्र शिकवले जाते. कारखान्यांतील मनुष्यबळ विभाग, व्यसनमुक्ती केंद्रे, विशेष मुलांच्या शाळा, संशोधन, अशा वाटा पुष्कळ आहेत. पुण्याच्या 'मुक्तांगण'चे नाव येथे अनेकांच्या परिचयाचे असेल. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केले. व्यसनातून बाहेर आलेली माणसेच तेथे पुढे इतरांना हात देताना दिसतात.

अभ्यासाचे म्हणाल तर पहिल्या वर्षासाठी मुंबई-पुणे गाठण्याची गरज नाही. गुजरातच्या मंडळात अकरावी-बारावीला हा विषय 'मनोविज्ञान' या नावाने आहे, आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिक्षणशास्त्र व मानसशास्त्र यांची एक स्वतंत्र विद्याशाखाच आहे. अहमदाबादेत बी. एम. इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ १९५१ पासून उभी आहे. बंगळुरूच्या निम्हान्सचे मूळ ज्या अखिल भारतीय संस्थेत आहे, ती १९५४ मध्ये निघाली. म्हणजे अहमदाबादची संस्था तिच्याही आधीची. आपल्या अंगणातले हे दिवे आपल्यालाच दिसत नाहीत.

एक इशारा मात्र हवा. गणित टाळण्यासाठी कला शाखेकडे वळणाऱ्यांना मानसशास्त्रात संख्याशास्त्र भेटते, आणि ते शेवटपर्यंत सोबत असते. सरासरी, विचलन, सहसंबंध यांच्यावाचून एकही चाचणी उभी राहत नाही. मेंदू आणि मज्जासंस्था यांचाही अभ्यास करावा लागतो. माणसांशी बोलायला आवडते, मैत्रिणी मन मोकळे करतात, एवढ्या भांडवलावर हा विषय निभत नाही.

आता त्या गोष्टीकडे यावे, जी मराठी माध्यमाच्या शाळेला सर्वांत जवळची आहे. वडिलांची आणखी एक शंका होती, ती त्यांनी जरा हळू आवाजात मांडली : या विषयाची सारी पुस्तके इंग्रजीत, मुलगी मराठी शाळेची, तिचा निभाव लागेल काय? इंग्रजी तिला शिकावीच लागेल, त्याला पर्याय नाही. पहिली दोन वर्षे शब्दकोश उशाशी ठेवावा लागेल. परंतु रुग्णालयातल्या त्या खोलीत अडले होते कोणाचे, हेही वडिलांनी लक्षात घ्यावे. बाईंच्या विद्येत काही कमी नव्हते. कमी होती ती आजीची भाषा.

हे काही त्या एकाच खोलीतले अडणे नव्हे. बिने यांची बुद्धिमापन चाचणी भारतात आली तेव्हा डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडच्या परिसरात मराठी आणि कानडी मुलांसाठी तिचे रूपांतर केले. १९४० मध्ये त्यांचा त्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शब्दाला शब्द ठेवून ते काम होण्यासारखे नव्हते. कोणता प्रश्न कोणत्या वयाच्या मुलाला सुटतो, हे इथल्या मुलांवर पुन्हा तपासावे लागले. बिने-कामत चाचणी या नावाने ती अजूनही वापरात आहे. पुढे १९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगढच्या खेड्यांत वृद्धांच्या स्मृतीचा अभ्यास झाला, तेव्हा हाच पेच पुन्हा उभा राहिला. मूळ चाचणीत कागदावरची 'डोळे मिटा' ही सूचना वाचून तसे करायचे होते आणि मनाने एक वाक्य लिहायचे होते. ज्यांनी पाटी कधी हातात धरली नाही त्यांनी काय करावे? त्यांचे अपयश आजाराचे मानायचे की शाळा न मिळाल्याचे? संशोधकांनी हिंदीत नवी चाचणी रचली. परीक्षकाने म्हणायचे, माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा. आणि स्वतः डोळे मिटायचे. वाक्य लिहिण्याऐवजी सांगायचे, तुमच्या घराविषयी काही बोला.

माणसाला त्याच्या भाषेत विचारणे ही येथे सौजन्याची बाब नाही. ते मोजमापाच्या अचूकतेचे कलम आहे. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याची राष्ट्रीय पाहणी केली. गुजरात त्यांत होते. त्या वेळी मानसिक विकाराने ग्रासलेल्या प्रौढांचे प्रमाण १०.६ टक्के आढळले आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. २०२२ मध्ये सरकारने 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक घरात लिहून ठेवण्याजोगा आहे. ती मराठी-गुजरातीसह अनेक भारतीय भाषांत चालते, आणि तिच्या पलीकडच्या टोकाला त्या त्या भाषेत ऐकू शकणारे माणूस लागते. घरी मराठी, गल्लीत गुजराती, दूरदर्शनवर हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी अशा चार भाषांत वाढलेली मुलगी या कामाला अपुरी आहे, असे म्हणणे धाडसाचेच ठरेल.

उरतो एक नाजूक प्रश्न, आणि तो मुलीला तिच्या वर्गशिक्षिकेने विचारला. तुला हा विषय शिकायचा आहे, की आजीला बरे करायचे आहे? मुलगी रडली. दोन दिवस तिने उत्तर दिले नाही. घरातले दुखणे पाहून या विद्येकडे वळणारी मुले पुष्कळ असतात, त्यात कमीपणा काही नाही. परंतु शिकून होईपर्यंत आठ वर्षे जातील आणि आजीचा आजार आठ वर्षे थांबणारा नाही. तिसऱ्या दिवशी ती शिक्षिकेला म्हणाली, आजी बरी होणार नाही हे तिला कळते. पण त्या बाईंनी "सांगू नकोस, फक्त विचार" म्हटले, ते तिला अजून जमलेले नाही आणि ते शिकायचे आहे. शिक्षिकेने पुढे काही विचारले नाही.

वडिलांनी अर्धी संमती दिली आहे. बारावीपर्यंत विषय घ्यावा, गुण आणि गोडी दोन्ही पाहून पुढचे ठरवावे, असा करार झाला आहे. हिशेबनीस माणसाचा करार तो. वहीत लिहून ठेवलेला आहे.

मुलगी आता अकरावीत आहे. दुपारी शाळेतून आली की ती आजीजवळ बसते. आजीला कधी तिचे नाव आठवते, कधी आठवत नाही. परवा तिने पुस्तकातला नव्हे, बल्लभगढचा प्रश्न विचारला : "आजी, तुझ्या घराविषयी काही सांग ना." आजीला ती साठ वर्षे राहत असलेले दांडिया बाजारातले घर आठवले नाही. तिने साताऱ्याकडच्या माहेरच्या घराचे ओसरीपासून परसापर्यंत वर्णन केले. विहिरीचा रहाट उजव्या हाताला होता की डाव्या, येथे अडली आणि बराच वेळ विचार करीत राहिली. मुलीला उत्तर ठाऊक होते, तिने ते लहानपणापासून ऐकलेले होते. ती काही बोलली नाही.