कर्जाने अब्रू जात नाही



यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे पाटील आपण विसरलेलो नाही. अनेक वर्षे गावचे सरपंच, भजनात रमणारा माणूस, भरल्या घरचा कर्ता. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. पण मानाने विजेचे बिल फिटत नाही. बिल थकले, वीज तोडली, उभे पीक वाळले. १९ मार्च १९८६ रोजी वर्ध्याजवळ दत्तपूरला त्यांनी पत्नी आणि चार लेकरांसह आयुष्य संपवले. त्या लेकरांना कोणी विचारले होते?

२०१७ पासून १९ मार्चला आपण अन्नत्याग करतो, तो या मरणाची आरती ओवाळण्यासाठी नाही. कापूस-ज्वारीचा खर्चही भावातून निघत नाही, म्हणून थकबाकी होते. ते आपले पाप नव्हे. मग चोरासारखे तोंड का लपवायचे?

आज घरी गेल्यावर सोसायटीची नोटीस आणि सावकाराचा हिशेब घरधनिणीपुढे मांडा. उद्या तोच बैठकीत मांडा. जिवंत माणसेच भाव मागू शकतात. आपण सगळे मिळून मागू.